बडोद्यातली ग्रंथपालांची शाळा

सयाजीराव गायकवाड हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती देणारे महाराज, सक्तीचं शिक्षण सुरू करणारे महाराज, बँक ऑफ बडोदा काढणारे महाराज. निबंधाला एवढं पुरतं. पण या माणसाने आणखी एक गोष्ट केली. ती कुणी सहसा सांगत नाही, कारण ऐकायला ती फार साधी वाटते. त्याने ग्रंथालयं काढली आणि ती चालवणाऱ्या माणसांना शिकवायची सोय केली. 1911 साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. भारतातला अशा प्रकारचा हा पहिला वर्ग समजला जातो. त्या वेळी आपल्याकडे ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा माणूस, एवढीच समजूत होती.

हे महाराजांना कुठून सुचलं असेल? त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर उत्तर त्यांच्या लहानपणातच सापडतं.

नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे हे त्यांचं गाव. जन्म मार्च 1863 चा. नाव गोपाळराव, वडील काशीराव. घराणं गायकवाडांचंच, पण दूरची शाखा. राजवाड्याशी संबंध नाही, घरी शेती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिकडे बडोद्यात इंग्रजांनी 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि भाऊबंदांमधल्या मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याची मुलं बडोद्याला नेण्यात आली. कशासाठी आलास, असं विचारल्यावर गोपाळने न घाबरता राज्य करायला आलो असं सांगितलं, अशी गोष्ट आहे. ती खरी असो वा नंतर रंगवलेली, मे 1875 मध्ये तो दत्तक गेला आणि गोपाळचा सयाजीराव झाला, हे मात्र खरं.

आता विचार करा. राजा ठरला, पण राजाला अक्षरओळख नाही. मग त्याला घडवायचं काम सुरू झालं. एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या चारही भाषा, शिवाय गणित, इतिहास, भूगोल, व्यायाम. बाराव्या वर्षी पाटी हातात घेतलेल्या मुलाला हे सगळं सहा वर्षांत उरकायचं होतं. दिवसाचे तास मोजून दिलेले असत.

त्याच वेळी राज्याचे दिवाण होते सर टी. माधवराव. त्यांच्याबद्दल आपल्यासारख्यांनी जरा थांबून वाचायला हवं. ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा. म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस, सिकंदराबादेत वाढलेल्या आपल्यासारखाच. त्रावणकोर आणि इंदूर इथली दिवाणगिरी करून ते बडोद्याला आले होते. सयाजीरावांच्या हाती कारभार जाण्याआधी माधवरावांनी त्यांना व्याख्यानं दिली. राजाने पैसा कुठून घ्यावा, कुठे खर्च करावा, कुणाचं ऐकावं, कुणावर विसंबू नये, कायद्यापुढे स्वतः कसं वागावं, असे विषय होते. ही व्याख्यानं पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. नाव किरकोळ सूचनांचं असलं, तरी आत होतं ते दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट सांभाळणाऱ्या माणसाचं शिक्षण. आजच्या भाषेत विश्वस्ताचं शिक्षण. राज्य राजाचं नाही, प्रजेचं आहे, आणि राजाने ते हिशेबाने सांभाळायचं आहे, हा त्याचा गाभा.

28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. वय अठरा. त्यांच्या पुढच्या सत्तावन्न वर्षांच्या कारभारात एक धागा सतत दिसतो. कुठलंही काम जन्माने येत नाही, ते शिकवावं लागतं आणि शिकवलं की येतं. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, ते स्वतःच त्याचा पुरावा होते.

सत्ता हाती आल्यावर लगेचच त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी शाळा काढायला सांगितलं. शाळा निघाल्या, पण शिकवायला कोण जाणार? सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. सुरुवातीला बरेचदा मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे 1908 मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे दिली. म्हणजे हुकूम निघाला, इमारत मिळाली, पैसे मिळाले, तरी योग्य माणूस नसेल तर काम अडतं, हा धडा महाराजांना फार लवकर मिळाला होता.

1893 मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. तो तेरा वर्षं पाहिला, तपासला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा अशी सक्ती कुठेच नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुढे कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं.

पण सक्तीच्या शिक्षणातून एक नवीनच अडचण पुढे आली. मूल चार-पाच वर्षं शाळेत जातं, वाचायला शिकतं, मग शाळा सुटते आणि ते शेतावर जातं. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत शिकलेलं सगळं विसरायला होतं. सरकारचा खर्च वाया, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाचे कष्ट वाया. शाळेनंतर काय, या प्रश्नाचं उत्तर महाराजांना अमेरिकेत मिळालं.

प्रवास हा त्यांचा ध्यास होता. तब्येत बरी नसे, झोप लागत नसे, डॉक्टर हवापालट सांगत. आणि इंग्रज सरकारला हा राजा सारखा परदेशी जातो हे आवडत नसे. पण ते जात, आणि जिथे जात तिथे डोळे उघडे ठेवून फिरत. 1906 मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत कामगार, बायका, मुलं सगळी येऊन बसतात, पुस्तकं घरी नेतात आणि फी द्यावी लागत नाही, हे त्यांनी पाहिलं. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ही वाचनालयं नुसत्या पुस्तकांवर चालत नव्हती. तिथे मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथपालांसाठी शाळाच काढली होती, आणि ग्रंथपालाचं काम हा शिकण्याचा, परीक्षा देण्याचा, मान मिळवण्याचा व्यवसाय झाला होता.

मग महाराजांनी सरळ एक अमेरिकन ग्रंथपालच बोलावून घेतला. विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन. ते कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथल्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल होते. चार्ल्स अमी कटर यांच्या हाताखाली तयार झालेले आणि ड्यूई यांच्या शाळेत शिकवलेले. 1910 मध्ये ते बडोद्याला आले आणि 1913 पर्यंत राहिले. अवघी तीन वर्षं. पण त्या तीन वर्षांत त्यांनी जो पाया घातला, त्यावर इमारत पुढे कितीतरी वर्षं वाढत राहिली.

बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. महाराजांनी स्वतःच्या राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं त्याला देऊन टाकली. बायकांसाठी वेगळा विभाग झाला, मुलांसाठी वेगळा. संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह वाढत गेला आणि त्यातून गायकवाड ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला आणि पुढे 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर निर्माण झालं. बॉर्डन यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची एक पद्धतही बसवली. त्यात कटर यांची अक्षरं होती आणि ड्यूई यांचे आकडे.

पण खरं काम होतं ते खेड्यांत. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जात. पेटी गावात यायची, वाचून व्हायची, परत जायची आणि दुसरी यायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रं आणि पुढे सिनेमा दाखवणारा विभागही होता. वाचता न येणाऱ्याचा विचार ग्रंथालय खात्याने करावा, हे आजही थोडं चकित करणारंच आहे. महाराजांना मात्र ते नवल वाटलं नसावं. बारा वर्षांचा गोपाळ त्यांच्या आठवणीत असणारच.

गावाला कायमचं वाचनालय हवं असेल तर नियम ठरलेला होता. खर्चाचा एक तृतीयांश गावाने जमवायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचा आणि उरलेला एक तृतीयांश सरकारने. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. सगळं फुकट दिलं असतं तर वाचनालय सरकारचं झालं असतं. गावाने वर्गणी काढली की वाचनालय गावाचं झालं. मग गावात समिती बसली, कोणती पुस्तकं घ्यायची यावर वाद झाले, हिशेब मागितले जाऊ लागले. थोडक्यात, गावातल्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला विश्वस्तपणाची सवय लागू लागली. माधवरावांनी अठरा वर्षांच्या राजाला जे शिकवलं होतं, तेच आता फार लहान प्रमाणावर खेड्यातली समिती शिकत होती.

या गावसमित्यांच्या मागे एक गुजराती शिक्षक उभे होते, मोतीभाई अमीन. महाराजांच्या योजनेच्या आधीपासून, 1906 च्या सुमारास, ते मित्रमंडळ या नावाने गावोगाव वाचनालयं काढत होते. राज्याने त्यांना बाजूला न सारता खात्यात घेतलं आणि बॉर्डन यांच्याबरोबर काम दिलं. एक अमेरिकेहून आलेला शास्त्र जाणणारा, दुसरा गाव जाणणारा. पुढे मोतीभाईंनी वाचनालयांची एक सहकारी संस्थाही उभी केली. पुस्तकं, नोंदवह्या, कपाटं असं सामान लहान वाचनालयांना रास्त भावात मिळावं, म्हणून.

आता त्या वर्गाबद्दल. 1911 मध्ये बडोद्यात हा वर्ग सुरू झाला. पुस्तकांचं वर्गीकरण, तालिका तयार करणं, नोंदणी, देवघेव असे विषय. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटतं. पण समजा, एका शेतकऱ्याला कपाशीवरच्या किडीबद्दल वाचायचं आहे. त्याला पुस्तकाचं नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. तो फक्त दारात उभा आहे. तालिका नीट असेल आणि ग्रंथपाल शिकलेला असेल, तर पुस्तक दोन मिनिटांत त्याच्या हातात पडतं. नसेल तर तो परत जातो, आणि पुन्हा कधी येत नाही. वर्गीकरणाचं शास्त्र शेवटी या परत जाणाऱ्या माणसासाठी असतं.

शिकून कामाला लागलेला माणूस एकटा पडू नये, याचीही सोय केली गेली. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. कुठे काय नवीन चाललंय, कुणी कोणती पद्धत वापरून पाहिली, हे त्यातून दूरच्या ग्रंथपालाला कळे. ग्रंथालयशास्त्रावरचं मराठी लेखन इतक्या आधी छापलं जात होतं, हे आपल्या साहित्याच्या इतिहासात सहसा येत नाही. बॉर्डन गेल्यावर कामाची सूत्रं इथल्याच माणसांकडे आली. जनार्दन सखाराम कुडाळकर हे त्यांपैकी एक. त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक 1919 मध्ये निघालं. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. बाहेरून तज्ज्ञ आणायचा, तो जाईपर्यंत आपली माणसं तयार करायची, आणि मग काम थांबू द्यायचं नाही, ही महाराजांची नेहमीची रीत होती.

बडोद्यानंतर 1915 मध्ये लाहोरला असा डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने पंजाब विद्यापीठात वर्ग घेतला. 1929 मध्ये मद्रासला डॉ. रंगनाथन यांनी वर्ग सुरू केला आणि पुढे ते या शास्त्रातलं सर्वांत मोठं नाव झाले. पण सुरुवात बडोद्यात झाली होती.

आणि आपल्याकडे, निजामाच्या राज्यात? इथे वरून हुकूम देणारा सयाजीराव नव्हता. इथे लोकांनी खालून सुरुवात केली. 1901 मध्ये हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय निघालं. ते काढणाऱ्यांत कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव प्रमुख होते. हे लक्ष्मणराव नागपुरात शिकले होते आणि तेलुगूइतकंच मराठीतही लिहीत होते. पुढे आंध्रात अय्यंकी वेंकट रमणय्यांसारख्यांनी ग्रंथालयाचं काम चळवळ म्हणूनच चालवलं. 1914 मध्ये बेझवाड्याला ग्रंथालयांचा संघ स्थापन झाला. पैसा कमी, सत्ता नाही, पण कार्यकर्ते भरपूर. बडोद्यात शास्त्र आधी आलं, आंध्रात तळमळ आधी आली. दोन्हींची गरज असते, असं मला वाटतं.

सयाजीरावांचं आयुष्य म्हणजे नुसती यशाची यादी नव्हे. 1911 च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात त्यांनी बादशहाला पुरेसा मान दिला नाही, म्हणून गदारोळ झाला आणि त्यांना खुलासा करावा लागला. घरात दुःख फार. पहिली पत्नी तरुणपणी गेली. फत्तेसिंहराव, शिवाजीराव, जयसिंहराव हे तीन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

आणि एक गोष्ट अशी, जी त्यांच्या कामाची मर्यादा स्पष्ट दाखवते. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार 1917 मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला परत आले. त्या शहरात तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालय होतं, ग्रंथपालांचा वर्ग झालेला होता, तीन भाषांत त्रैमासिक निघत होतं. पण आंबेडकरांना राहायला घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ओळख लपवून उतरावं लागलं, तिथूनही बाहेर काढलं गेलं, आणि ते शहर सोडून गेले. राजा कितीही सुधारक असला, तरी शहराचं मन हुकमाने बदलत नाही. ग्रंथालयाचं दार उघडं असणं आणि माणसांच्या घराची दारं उघडी असणं, या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या. सयाजीरावांचं कौतुक करताना हे सोडून देणं बरोबर नाही.

मराठीशी त्यांचं नातं शेवटपर्यंत टिकलं. गो. स. सरदेसाई त्यांच्याकडे नोकरीला होते. महाराजांना पुस्तकं वाचून दाखवणं, राजपुत्रांना शिकवणं अशी कामं करता करता त्यांची ‘रियासत’ घडली. श्री सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला यांतून कितीतरी पुस्तकं मराठीत आणि गुजरातीत आली. 1932 मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सयाजीरावांकडे आलं. बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला मुलगा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आपल्या साहित्य मंडळात तरी दरवर्षी सांगायला हवी.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दहा वर्षांनी, 1949 मध्ये, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर काय झालं हे पाहिलं की थोडं वाईट वाटतं. ग्रंथालयांची ही सगळी व्यवस्था राजाच्या इच्छेवर उभी होती, कायद्यावर नाही. ग्रंथालयाचा कायदा आधी कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये केला, मद्रासने 1948 मध्ये, आपल्या हैदराबाद राज्याने 1955 मध्ये, महाराष्ट्राने 1967 मध्ये. ज्या गुजरातेत बडोदा आहे, तिथे तो 2001 मध्ये आला. सयाजीरावांनी माणसं घडवली, खातं घडवलं. पण स्वतः नसताना ते टिकेल, अशी कायद्याची तजवीज राहून गेली. विश्वस्ताची परीक्षा तो गेल्यावरच होते.

सिकंदराबादेत आज घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालय कर वेगळा लावलेला दिसतो. म्हणजे आपल्यापैकी ज्याचं घर आहे तो प्रत्येक जण ग्रंथालयासाठी पैसे देतो, वाचायला जावो न जावो. बडोद्यातल्या गावकऱ्यांसारखेच आपणही वर्गणीदार आहोत. पण ते समितीत बसून हिशेब मागत, पुस्तकं निवडत. आपण पावती फाइलला लावून विसरतो. मी ज्या एका वाचनालयात अभ्यासाला जाते, तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून जागा धरून बसतात, आणि काउंटरवर एकच कर्मचारी चार भाषांची पुस्तकं सांभाळतो. मराठीचं कपाट कुठलं, हे त्याला माहीत आहे, पण त्यातलं काय वाचावं हे सांगता येत नाही. यात त्याचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही. 2012 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रंथालय मिशन सुरू केलं, त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विषय आहे. कलकत्त्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून राज्यांना मदत करत आहे. वाटा आहेत. त्या काउंटरपर्यंत पोचायला हव्यात, आणि त्यासाठी मागणारे आपणच असायला हवेत.

नवीन ग्रंथालयाचं उद्घाटन झालं की आपण विचारतो, पुस्तकं किती? सयाजीरावांनी शंभर वर्षांपूर्वी त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारले होते. ती कोण देणार, आणि त्याला कोण शिकवणार?